सेसना १७२एस : चढायला सावकाश, हिशेबाला चोख

विमानाबद्दल लिहिणारा जो तो लँडिंगवर लिहितो. मऊ टेकलं, आपटलं, दोनदा उसळलं. माझा अनुभव असा, की या विमानाचे गुणदोष पहिल्या वीस मिनिटांतच कळतात. थ्रॉटल पुढे सारल्यापासून ते वर जाऊन पातळीला येऊन मिक्श्चर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-इंधनाचं प्रमाण, बेतून होईपर्यंतची वीस मिनिटं. हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे. उतरण्याबद्दल यात काही सापडणार नाही.

माझ्या लॉगबुकात आज २३१ तास आहेत. पहिले ५१ सेसना १५२ मधले, उरलेले १८० याच १७२एस मधले. व्यवसायाने मी हिशेब तपासणारी, त्यामुळे लॉगबुकाशेजारी एक लांबट वहीही ठेवते. तापमान, वजन, वारा, चाकं कुठल्या खुणेपाशी सुटली, हजार फूट चढायला किती मिनिटं लागली, उतरल्यावर टाकीत काठी घालून किती इंधन निघालं. लोक हसतात. पण वैमानिकाच्या आठवणीत प्रत्येक टेकऑफ छोटा आणि प्रत्येक चढण झकास असते. वहीत तसं नसतं.

आधी विमानाची ओळख. १७२ पहिल्यांदा उडालं १९५५ साली, विक्रीला आलं १९५६ मध्ये, आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. एस हा प्रकार १९९८ चा. लायकमिंगचं चार सिलिंडरचं आयओ-३६० इंजिन, २७०० आरपीएमला १८० अश्वशक्ती. जास्तीत जास्त उड्डाणवजन २५५० पौंड. टाक्यांत ५६ गॅलन मावतं, त्यातलं ५३ वापरता येतं, म्हणजे २०० लिटर. पंखा फिक्स्ड पिच, पात्यांचा कोन कारखान्यात ठरला तो ठरला. एकाच गिअरवर घाटही चढायचा आणि सपाटीवरही पळायचं, असा हा प्रकार आहे. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ याच पंख्यात आहे, आणि या विमानाच्या साधेपणाचंही.

सुरू करण्याआधीच्या दोन गोष्टी. पहिली सीट. मी पाच फूट एक इंच, त्यामुळे सीट अगदी पुढच्या खाचेत लागते. ती नीट अडकली आहे ना, हे मी बसल्या जागी पुढे-मागे जोरात हलून दोनदा बघते. जुन्या सेसनांमध्ये रूळ आणि खिळा झिजून टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यावर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने तपासणीचा सक्तीचा आदेश काढला होता. पूर्ण थ्रॉटलवर नाक वर असताना सीट मागे गेली, तर हात आपोआप योकचाच, म्हणजे मागे ओढला की नाक वर नेणाऱ्या हातातल्या सुकाणूचाच, आधार घेतात. पुढचं सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे इंधनाचा नमुना. या विमानाला निचऱ्याच्या तेरा जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. तेराव्या जागेपाशी पोचेपर्यंत कंबर बोलायला लागते, पण पाण्याचा थेंब नेमका त्याच जागेत सापडू शकतो.

इंजिन गरम असताना पुन्हा चालू करणं ही मात्र खरी कटकट. इंधन इंजेक्शनच्या नळ्या तापलेल्या सिलिंडरांवरून जातात, त्यात इंधनाची वाफ होते आणि इंजिन खोकत बसतं. थंड इंजिन पहिल्या फटक्यात लागतं. दुपारी अर्ध्या तासाच्या थांब्यानंतर मात्र मी बॅटरी आणि अब्रू दोन्ही पणाला लावलेली आहे. या दोषाचे गुण मी पुरेपूर कापून घेते.

मग १८०० आरपीएमला मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांची, तपासणी. एकेकावर घट १५० च्या आत, दोघांतला फरक ५० च्या आत. इंधनाची कळ दोन्ही टाक्यांवर. पायपर आर्चरमध्ये ही सोय नाही, तिथे डावी किंवा उजवी निवडावी लागते आणि दर अर्ध्या तासाने आठवण ठेवून बदलावी लागते. माझ्यासारख्या विसराळू बाईसाठी सेसनाचा हा एक गुण दोनाच्या बरोबर आहे.

आता टेकऑफ. थ्रॉटल एकदम ढकलायचा नाही. मनात एक-दोन-तीन म्हणत पूर्ण आत. जागेवर उभं असताना पूर्ण थ्रॉटलला २३०० च्या वर आरपीएम दिसायला हवेत. २७०० दिसत नाहीत म्हणून नवशिके घाबरतात. मीही घाबरले होते. पंख्याचा कोन ठरलेला असल्यामुळे विमान थांबलेलं असताना तो हवेत जड जातो, वेग आला की हलका होतो आणि आरपीएम आपोआप वर सरकतात. पण २३०० च्या खाली राहिले, तर मात्र तिथेच थ्रॉटल मागे घेऊन परत फिरायचं.

थ्रॉटल आत गेला की नाक डावीकडे पळतं. पंख्याची गुंडाळत येणारी हवा शेपटीवर एका बाजूने आदळते, इंजिन उलट दिशेला पिळतं, आणि नाक वर आलं की उजवीकडून खाली जाणारं पातं जास्त ओढ देतं. तिन्ही जणी मिळून डावीकडेच नेतात. उपाय एकच, उजवा रडर, म्हणजे पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू. माझ्या इन्स्ट्रक्टरांनी पहिल्या वीस तासांत मला दुसरं काही शिकवलं की नाही असं वाटावं, इतक्या वेळा ते म्हणाले, "मॅडम, उजवा पाय." आता मला स्वप्नातही उजवा पाय आखडतो.

सुरुवातीला मी योकने सरळ करायला जायची, गाडीचं स्टिअरिंग वळवावं तसं. योक जमिनीवर दिशेसाठी नाहीच. तो आडव्या वाऱ्यासाठी. वारा उजवीकडून असेल तर धावायला लागताना एलरॉन (योकने हलणाऱ्या पंखांच्या टोकाच्या झडपा) पूर्ण उजवीकडे, आणि वेग वाढेल तसा हळूहळू सैल. चाकं सुटली की वाऱ्याकडे नाक थोडं वळवून, पंख सपाट ठेवून निघायचं. कंपनीने दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉटांपर्यंतचा आहे (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). ती विमानाची मर्यादा म्हणून छापलेली नाही. माझी मर्यादा मात्र मी दहावर ठेवली आहे आणि तिच्यावर सही केली आहे.

५५ नॉटांना योक किंचित मागे. किंचित, म्हणजे नाकाचं चाक उचलण्यापुरतं. त्याआधीच ४५-५० च्या सुमारास नाक हलकं झालेलं हाताला कळतं. ही खूण मला आकड्यापेक्षा आवडते. चाकं सुटल्यावर विमान क्षणभर उगाचच उत्साही वाटतं. जमिनीच्या जवळ, पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत, हवेचा रोध कमी असतो. पंखांची लांबी छत्तीस फूट. तेवढ्यातून वर आलं की रोध वाढतो आणि विमान एकदम मंदावल्यासारखं होतं. मऊ मातीच्या किंवा गवताच्या पट्टीवर हाच गुण कामाला येतो. चाकं लवकर उचलायची, जमिनीलगत सपाट राहून वेग साठवायचा, मग चढायचं. पण याच गुणाच्या जोरावर वजनदार विमान वेळेआधी ओढून काढलं, तर ते पंधरा फुटांवर जाऊन परत बसायला बघतं.

आखूड पट्टीची पद्धत वेगळी. फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या झडपा) १० अंश, ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल, मग ब्रेक सोडायचे. पन्नास फुटांचा अडथळा पार होईपर्यंत ५६ नॉट, आणि फ्लॅप उचलायचे ते ६० च्या वर गेल्यावर, हळूहळू. कंपनीचा आकडा असा : समुद्रसपाटी, १५ अंश सेल्सियस, पूर्ण वजन, शांत वारा, कोरडी पक्की पट्टी. जमिनीवरची धाव ९६० फूट, पन्नास फूट उंची मिळेपर्यंत १६३० फूट. माझ्या वहीतले आकडे यापेक्षा पंधरा ते पंचवीस टक्क्यांनी जास्त आहेत. विमान कोरं होतं तेव्हा ते आकडे मोजले गेले. चालवणाराही माझ्यापेक्षा हातखंडा असलेला होता. म्हणून पुस्तकातून आलेल्या अंतराला मी दीडने गुणते आणि मगच पट्टीच्या लांबीकडे बघते.

वाऱ्याचा हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. समोरून ९ नॉट वारा असेल तर अंतर दहा टक्क्यांनी कमी होतं. मागून मात्र नुसता २ नॉट असला, तरी तेवढंच वाढतं. देताना हात आखडता, घेताना दोन्ही हातांनी. मागून चार नॉट म्हणजे "जवळजवळ शांतच आहे" असं म्हणून लांबच्या टोकापर्यंत जमिनीवरून चालवत जाणं वाचवायला जवळच्या टोकाने निघणारे मी पाहिलेत. जवळजवळ शांत म्हणजे वीस टक्के जास्त धाव. कोरड्या गवतावर तर जमिनीवरच्या धावेत आणखी पंधरा टक्के घाला.

आणि एक नियम, जो मी डोळे झाकून पाळते. अर्धी पट्टी संपली तेव्हा सुटण्याच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग हवा, इथे म्हणजे ३९ नॉट. नसेल तर थ्रॉटल मागे. आजवर एकदाच वेळ आली. पार्किंग ब्रेक अर्धवट अडकला होता. मागे बसलेल्या मैत्रिणीला कळलंही नाही. तिला वाटलं, असंच असतं.

चढणीवर जरा थांबते, कारण विमानाबद्दलचं माझं मत इथेच बनलं.

एका उन्हाळी सकाळी, खरं तर अकरा वाजले होते म्हणजे सकाळ नव्हेच, आम्ही तिघं निघालो. मी, इन्स्ट्रक्टर आणि मागे एक विद्यार्थी. वजन कमाल मर्यादेच्या जवळ. दाबाची उंची, म्हणजे हवेच्या दाबावरून मोजलेली, २५०० फूट, तापमान ३६. त्या उंचीला प्रमाण तापमान १० अंश असतं. २६ अंश जास्त, दर अंशाला १२० फूट, म्हणजे ३१०० फूट आणखी. विमानाच्या दृष्टीने आम्ही ५६०० फुटांवरून निघत होतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे आमची १८० अश्वशक्ती १५० च्या आसपास आली होती. पंखा विरळ हवेत कमी ओढत होता आणि पंखांना तेवढीच उचल द्यायला जास्त खरा वेग लागत होता. वेगमापकावर ५५ च दिसतात, पण पट्टी नेहमीपेक्षा जोरात मागे पळते. डोळे सांगतात "पुरे झाला वेग, ओढ". ओढायचं नाही. वेगमापकावर विश्वास ठेवायचा.

तेवढं मी केलं. चाकं सुटली, ७४ नॉट, चढण मिनिटाला साडेपाचशे फूट. तक्त्यातून घरी काढून आणलेल्या आकड्याला धरून. पण समोर दूरवर एक टेकाड होतं, आणि खिडकीतून ते काही केल्या खाली जाईना. मी योक मागे घेतला. क्षणभर चढण सातशे दाखवते. आपला हातगुण बघून बरं वाटतं. मग सुई खाली यायला लागते. सहाशे, पाचशे, चारशे. मी आणखी ओढलं. वेग ५७. विमान तिरकं चाललंय हे दाखवणारा नळीतला गोळा उजव्या कडेला गेलेला, कारण पाय विसरलेला. चढण साडेतीनशे.

इन्स्ट्रक्टरांनी काही न बोलता एका बोटाने योक पुढे ढकलला. सुई आधी शंभरावर आली. माझा जीव टांगणीला. मग वेग ७० झाला, ७४ झाला, आणि सुई परत साडेपाचशेवर येऊन बसली. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नाक वर केलं म्हणून विमान वर जात नाही. आणि उजवा पाय."

घरी येऊन मी तो जमाखर्च मांडला. इंजिन-पंखा मिळून जेवढी शक्ती देतात ती जमा. विमानाला त्या वेगाने हवेत नुसतं टिकवायला लागते ती खर्च. शिल्लक राहते तेवढ्यातूनच उंची विकत घेता येते. शिल्लक सर्वात जास्त असते तो वेग व्हीवाय, या विमानात समुद्रसपाटीला ७४ नॉट, दहा हजार फुटांना ७२. वेळेच्या मानाने सगळ्यात जास्त उंची इथे मिळते. कापलेल्या अंतराच्या मानाने सगळ्यात जास्त उंची हवी असेल, म्हणजे पट्टीच्या टोकाला झाड असेल, तर व्हीएक्स, ६२ नॉट, वर जाताना वाढत दहा हजारांना ६७. एक वर सरकतो, दुसरा खाली, आणि विमानाच्या अंतिम उंचीला दोघं एकमेकांना भेटतात. तिथे शिल्लक शून्य. व्हीएक्सच्याही खाली ओढत गेलं, की पंख जास्त कोनात हवा फाडतात, खर्च वाढतो, जमा तेवढीच राहते. ना वेळेच्या मानाने फायदा, ना अंतराच्या. मी ५७ वर नेमकं हेच करत होते. सुरुवातीला दिसलेले सातशे ही कमाई नव्हती, साठवलेला वेग मोडून खाल्लेला होता.

एवढं कळल्यावर मला या विमानाची चढण आवडायला लागली. कंपनी समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट सांगते. थंड सकाळी एकटी असताना मी हजाराच्या जवळ पाहिलेत, त्या दिवशीचे साडेपाचशेही पाहिलेत. मोठं इंजिन असलेलं विमान असली चूक पोटात घालतं. हे घालत नाही, दोन सेकंदांत सुईवर लिहून दाखवतं. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

पहिले हजार फूट व्हीवाय, आणि मग मी नाक खाली करून ८० ते ८५ वर येते. सावकाश चढतं, पण तीन गोष्टी सुधारतात. सिलिंडरांना वारा लागतो, पुढचं क्षितिज दिसतं, आणि वाटेतलं अंतरही कापलं जातं. ७४ वर नाक इतकं वर असतं की समोरून काय येतंय ते माझ्या उंचीच्या माणसाला दिसतच नाही. मी मधूनमधून दहा अंश डावीकडे, दहा अंश उजवीकडे वळून बघते. पंख वर असल्यामुळे वळताना नेमकी वळायची बाजू झाकली जाते. म्हणून आधी तो पंख जरा उचलायचा, त्याखाली डोकवायचं, मग वळायचं.

टेकऑफआधी मी मोठ्याने एक वाक्य म्हणते. सोबत कोणी असो नसो. "इंजिन गेलं तर नाक खाली, ७० नॉट, समोर." पट्टीकडे परत वळायचा मोह पाचशे फुटांच्या आत जीवघेणा आहे. नाक वर असताना इंजिन गेलं की वेग श्वास घ्यायच्या आत संपतो. म्हणून "नाक खाली" आधी.

तीन हजार फुटांच्या वर मिक्श्चर थोडं मागे घ्यायला लागायचं. हवा विरळ होते, इंधन तेवढंच येत राहतं, इंजिन जड आणि ओलं चालतं. उंचावरच्या पट्टीवरून तर पूर्ण थ्रॉटल देऊन, आरपीएम जास्तीत जास्त मिळेपर्यंत मिक्श्चर मागे घेऊन मगच निघायचं. त्या उन्हाळी दिवशी आम्ही ते केलं होतं. नसतं केलं तर वरच्या कहाणीतले आकडे याहून वाईट असते.

पातळीला येणं ही बारीक कला आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. चढणीच्या दहा टक्के आधी सुरुवात करायची. पाचशेने चढत असाल तर पन्नास फूट बाकी असताना नाक हळूच क्षितिजावर आणायचं. आणि इथे हात आवरायचा. थ्रॉटल लगेच मागे ओढायचा नाही. पूर्ण ताकदीवर वेग १०५-११० पर्यंत वाढू द्यायचा, मग थ्रॉटल, मग ट्रिम (योकवरचा हाताचा जोर काढून घेणारं चाक). मी उलट करायची. ७४ वर असतानाच ट्रिम करायची, आणि विमान पुढची पाच मिनिटं वेग घेत राहायचं, मी पुढची पाच मिनिटं चाक फिरवत राहायची. फिक्स्ड पिच पंख्यामुळे थ्रॉटलही दोनदा लावावा लागतो. वेग वाढला की आरपीएम आपणहून चढतात.

काही जुने वैमानिक सांगतात, ठरल्या उंचीपेक्षा शंभर फूट वर जा आणि तिथून खाली घसरत ये, विमान पायरीवर बसतं आणि जास्त पळतं. मी वहीत सहा वेळा खालून, सहा वेळा वरून करून पाहिलं. दहा मिनिटांनी वेग तोच. पायरी वगैरे काही नाही. वरून येताना धीर धरावा लागत नाही, एवढाच फरक.

क्रूझचा, म्हणजे पातळीवरच्या सरळ प्रवासाचा, जाहिरातीतला आकडा १२४ नॉट, ८५०० फूट, ७५ टक्के ताकद. खोटा नाही, पण तासाला दहा गॅलनच्या घरात पितं. मी सहसा ६५०० फूट आणि २५०० आरपीएमच्या आसपास असते. वहीत खरा वेग ११० ते ११४, इंधन तासाला साडेआठ ते नऊ गॅलन. खऱ्या वेगाचा तोंडी हिशेब : वेगमापकावर दिसेल त्यात दर हजार फुटांना दोन टक्के मिळवा. १०० दिसले तर साडेसहा हजारांना ११३.

मिक्श्चरची लाल मूठ फिरवत मागे घ्यायची, धुराच्या तापमानाचा काटा शिखरावर जाऊ द्यायचा, मग परत इंधन वाढवून ५० अंश फॅरनहाइट खाली आणायचा. ही पुस्तकातली शिफारस. अगदी काटकसर करायची असेल तर शिखरावरच ठेवायचा. ७५ टक्के किंवा कमी ताकदीवर इंजिनाला ते चालतं. मिक्श्चर न बेतता नुसतं पुढे ठेवून उडणारे लोक मला कळत नाहीत. तासाला दोनेक गॅलन धुराड्यातून जातात आणि स्पार्क प्लगवर काजळी साचते ती वेगळीच.

घाई नसेल तर एक मजेदार हिशेब आहे. कंपनीच्या आकड्यांत ७५ टक्क्यांवर पूर्ण टाकीत ५१८ सागरी मैल आणि सव्वाचार तास. दहा हजार फुटांवर ४५ टक्क्यांत ६३८ मैल आणि पावणेसात तास. इंधन तेवढंच, १२० मैल फुकट, बदल्यात अडीच तास जास्त बसायचं. ती सीट अडीच तास जास्त सोसायची माझी तयारी नाही.

किती उंच जायचं, याचंही साधं गणित. वर वेग जास्त, पण चढायला वेळ आणि इंधन जातं. शंभर मैलांच्या आतल्या प्रवासाला साडेआठ हजारांवर जाणं म्हणजे माडीवर जाऊन लगेच उतरणं. समोरून वारा वीस नॉट आणि वर गेल्यावर तीस होणार असेल, तर मी खालीच राहते. मागून असेल तर मात्र हावरटासारखी चढते. बऱ्याच देशांत दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडताना पूर्वेकडे जायला विषम हजार अधिक पाचशे फूट उंची, पश्चिमेकडे सम हजार अधिक पाचशे, तेवढं सांभाळायचं.

दोष सांगितले नाहीत तर अभिप्राय कसला. चार सीट आहेत, चार माणसं नाहीत. रिकामं वजन वजा करता हातात साधारण नऊशे पौंडांच्या आत राहतात. पूर्ण इंधनाचे ५३ गुणिले ६ म्हणजे ३१८ गेले. उरले साडेपाचशेच्या आसपास. तीन माणसं आणि एक पिशवी. चौथी सीट कोट ठेवायला. इंधनाचे काटे शोभेचे. दोन्ही टाक्यांवर कळ ठेवली तरी टाक्या समान रिकाम्या होत नाहीत, एक नेहमी पुढे. आवाज इतका की हेडसेट काढून बोलणं शक्य नाही. दरवाजा पहिल्यांदा कधीच नीट लागत नाही आणि टेकऑफला किरकिरतो. किरकिरला तर किरकिरू द्या, विमान उडवा, वर जाऊन बघा.

याउलट इंजिनाच्या चिकाटीबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी ४ डिसेंबर १९५८ ते ७ फेब्रुवारी १९५९ एक १७२ जमिनीवर न टेकवता उडवलं. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकमधून इंधन वर घेत. ते विमान एसचं आजोबा, इंजिन वेगळं आणि लहान. पण थांबावं का लागलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. इंजिनात काजळी इतकी साचली होती, की इंधन भरल्यावरच्या वजनाने चढायला शिल्लकच उरेना. सपाट उडत होतं. चढत नव्हतं.

पाचपैकी चार गुण. शिकायला, दोघांनी फिरायला घ्यावं. चौघांना घेऊन उन्हाळ्यात उंच पट्टीवरून जायचं असेल तर मोठं इंजिन शोधावं. पुढच्या रविवारी मी आणि दोन मैत्रिणी, दोघींचं सामान धरून, निघणार आहोत. टाक्या फक्त तोंडाच्या आतल्या खुणेपर्यंत भरायला सांगितल्या आहेत, दोन्ही मिळून ३५ गॅलन, म्हणजे पूर्ण टाकीपेक्षा १०८ पौंड कमी. उड्डाण सहा वाजता, ऊन चढायच्या आत. उशी माझी मी आणणार आहे.